विमा आणि गुंतवणूक: दोन वेगळी औषधं एकाच गोळीत घेऊ नका

या ब्लॉगवर मी एरवी रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, डेंग्यू असल्या विषयांवर लिहितो. आज विमा आणि बचतीवर लिहिणार आहे. "डॉक्टर, हा तुमचा विषय नाही," असं काही जण म्हणतील. मला मात्र तो माझाच विषय वाटतो. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या वर्षभर तरी न चुकता घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. या गोळ्या सोडणारे रुग्ण अडाणी असतात असं नाही. हॉस्पिटलच्या बिलासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो आणि काटकसरीची सुरुवात औषधांपासून होते. इन्सुलिन दिवसातून दोनदाऐवजी एकदाच घेणं, सोनोग्राफी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून टाळणं, वडिलांचं डायलिसिस आठवड्यात तीनवरून दोनवर आणणं, यांमागचं कारणही बहुतेक वेळा पैसा हेच असतं.

म्हणून आधी माझं मत स्पष्ट सांगतो. विमा आणि बचत एकत्र करून विकल्या जाणाऱ्या पॉलिसी सामान्य कुटुंबासाठी चुकीचं औषध आहे. पहिल्यांदा कमावू लागलेल्या मुलामुलींनी त्या घेऊ नयेत. आधी आरोग्य विमा घ्यावा, घर ज्याच्या कमाईवर चालतं त्याचा साधा मुदतीचा विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स घ्यावा आणि बचत पूर्णपणे वेगळी करावी. माझ्याकडे कुठलीही एजन्सी नाही, मी कुणाचं कमिशन घेत नाही आणि गुंतवणूक सल्लागारही नाही. पण ज्या चुकांचे परिणाम माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात, त्यांच्याबद्दल गप्प बसणंही मला पटत नाही.

"पॉलिसी आहे ना डॉक्टर!"

रुग्णाला ॲडमिट करायची वेळ येते तेव्हा नातेवाइकांना मी विचारतो, "विमा आहे का?" उत्तर ठाम येतं: "आहे ना, तीन पॉलिसी आहेत." संध्याकाळी घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद येतात. एक एन्डोमेंट, एक मनी-बॅक आणि एक मुलीच्या लग्नासाठी. तिन्हींचा मिळून वर्षाचा हप्ता साठ-सत्तर हजार असतो. यातली एकही पॉलिसी हॉस्पिटलचं बिल भरणार नसते. घरचा कर्ता गेलाच, तर तिन्हींतून मिळणारी रक्कम घराचा दोन-तीन वर्षांचा खर्च भागवेल एवढीही नसते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरात हे दिसतं, सरकारी नोकरदारांच्या घरात दिसतं आणि निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांच्या घरातही दिसतं. ही मंडळी बेफिकीर नसतात. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून त्यांनी हप्ते भरलेले असतात. त्यांना दिलेलं औषध चुकीचं होतं, एवढंच.

आपल्याकडे 'पॉलिसी' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत:

१. आरोग्य विमा: तुम्ही आजारी पडलात तर हॉस्पिटलचा खर्च.
२. जीवन विमा: कमावणारा गेला तर मागे राहिलेल्यांना रक्कम.
३. बचत: दोघांपैकी काहीच झालं नाही, तर पुढच्या आयुष्यासाठी साठवलेला पैसा.

तिन्ही गरजा खऱ्या आहेत. पण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे आणि डोसही वेगळा.

एकाच गोळीत दोन औषधं

मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर पुन्हा बंदी आली. दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालून ती विकली जात होती आणि तसं घालण्याला वैद्यकीय आधार नव्हता.

अशा गोळीची मुख्य अडचण डोसची असते. एक औषध वाढवायचं असेल तर दुसरंही वाढतं, गरज असो वा नसो. एकाचा त्रास होऊ लागला तर दुसरंही बंद करावं लागतं. सगळी संयुक्त औषधं वाईट नसतात. क्षयरोगाच्या उपचारात ती आम्ही मुद्दाम वापरतो, कारण तिथे ती औषधं बरोबरच द्यायची असतात. प्रश्न एवढाच विचारायचा असतो की, ही दोन औषधं एकत्र द्यायला रुग्णाच्या हिताचं कारण आहे का?

आता एन्डोमेंट पॉलिसीला हाच प्रश्न विचारा. तिशीतल्या बापाला विम्याची गरज सर्वांत जास्त असते, कारण मुलं लहान असतात आणि डोक्यावर घराचं कर्ज असतं. पंचावन्नाव्या वर्षी मुलं कमावती झालेली असतात, कर्ज फिटलेलं असतं आणि विम्याची गरज जवळजवळ संपलेली असते. बचतीचं याच्या उलट: तिशीत ती थोडी असते आणि वयाबरोबर वाढत जावी लागते. एक गरज उतरत जाणारी आणि दुसरी चढत जाणारी. दोन्ही एका हप्त्यात बांधल्या की दोन्हींचा डोस चुकतो. विमा फार तोकडा मिळतो आणि बचत फार हळू वाढते.

शिवाय मध्येच नोकरी गेली आणि हप्ता थांबला, तर दोन्ही औषधं एकदम बंद होतात. पूर्वी अशा पॉलिसी पहिल्या एक-दोन वर्षांत सोडल्या तर भरलेल्या पैशांतलं हाती काहीच येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या पॉलिसींसाठी नियम बदलला आणि एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत मिळू लागली. तरी सुरुवातीच्या वर्षांत सोडल्यास नुकसान होतंच.

कागद-पेन घ्या, हिशेब करू

रुग्णाला रिपोर्टचे आकडे समजावून सांगतो, तसंच हेही सांगतो. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण बाजारात दिसतात त्यांच्या जवळचेच आहेत.

समजा, तीस वर्षांच्या माणसाने ५ लाखांची, २० वर्षं मुदतीची एन्डोमेंट पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला २५,००० रुपये. वीस वर्षांत त्याने ५ लाख भरले आणि शेवटी बोनससकट ९ लाख २० हजार मिळाले. "भरले पाच, मिळाले सव्वानऊ!" असं म्हणत तो पेढे वाटतो. प्रत्यक्षात हा परतावा वर्षाला साधारण साडेपाच टक्के आहे. वीस वर्षं एवढ्या लांबीमुळे तो मोठा वाटतो. एप्रिल २०२० पासून पीपीएफवर वर्षानुवर्षं ७.१ टक्के व्याज मिळत आलं आहे आणि पीपीएफला सरकारची हमी आहे.

आता तेच २५,००० दोन भागांत वाटू. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तिशीतल्या माणसाला ५० लाखांच्या टर्म विम्याचा हप्ता ७,००० धरू. उरलेले १८,००० दरवर्षी पीपीएफमध्ये टाकू. पंधरा वर्षांची मुदत आणि पाच वर्षांची वाढ मिळून वीस वर्षं होतात. ७.१ टक्के दर कायम धरला, तर शेवटी सुमारे ८ लाख रुपये हाती येतात.

"मग डॉक्टर, सव्वा लाख कमीच झाले की!" बरोबर आहे. माणूस वीस वर्षं धडधाकट राहिला तर या मार्गाने त्याला सुमारे सव्वा लाख कमी मिळतील. हा आकडा मी लपवणार नाही.

पण आठव्या वर्षी तो अपघातात किंवा हृदयविकाराने गेला तर? एन्डोमेंटमधून घरी ५ लाख आणि तोवरचा बोनस, म्हणजे सहा-साडेसहा लाख येतील. दुसऱ्या मार्गाने टर्म विम्याचे ५० लाख आणि पीपीएफमधले सुमारे २ लाख, असे ५२ लाख येतील. महिन्याला ३०,००० खर्च असलेलं घर साडेसहा लाखांवर दोन वर्षंही चालत नाही. ५० लाखांवर ७ टक्के दराने वर्षाला साडेतीन लाख व्याज येतं, म्हणजे मुद्दलाला हात न लावता घरखर्च जवळजवळ भागतो. महागाई वाढेल तसा हिशेब बदलेल, पण बाईला दागिने विकावे लागणार नाहीत आणि मुलाला बारावीनंतर शिक्षण सोडावं लागणार नाही.

हे ५० लाखांचं संरक्षण एन्डोमेंटमधूनच हवं असेल तर हप्ता दहापट, म्हणजे वर्षाला अडीच लाख होईल. एवढा हप्ता कुणालाच झेपत नाही. म्हणून मग पाच लाखांचा विमा विकला जातो आणि घ्यायला आलेल्याला वाटतं की आपण सुरक्षित आहोत. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या खोट्या समाधानावर आहे. ताप असताना नुसती पट्टी ठेवून "उपचार चालू आहेत" म्हणण्यासारखं ते आहे.

"काही झालं नाही तर टर्मचे पैसे वाया जातात"

हा युक्तिवाद इतक्यांदा ऐकला आहे की, उत्तर पाठ झालं आहे. आपल्या जिल्ह्यात अनेक द्राक्ष बागायतदार अवकाळी पाऊस आणि गारपिटीपासून बाग वाचवण्यासाठी वर प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात. त्याचा खर्च मोठा असतो. पाऊस आला नाही, तर "प्लॅस्टिकचे पैसे परत द्या" असं कुणी दुकानदाराला म्हणतं का? पाऊस आला नाही याचा आनंदच होतो. द्राक्षं विकून पैसे मिळतात, प्लॅस्टिक विकून नाही.

टर्म विम्याचा हप्ता म्हणजे ते आच्छादन. वीस वर्षं काही झालं नाही आणि हप्ते परत मिळाले नाहीत, तर देवाचे आभार माना. "पैसे परत देणारा टर्म" म्हणून जे विकतात त्यात हप्ता जास्त घेतात आणि त्याच जादा पैशांतून तुमचे पैसे तुम्हाला बिनव्याजी परत देतात.

आणखी एक. विमा कुणाचा काढायचा? घर ज्याच्या कमाईवर चालतं त्याचा. सहा वर्षांच्या मुलीच्या आयुष्याचा विमा काढून काय साधतं? तिच्या शिक्षणासाठी पैसे साठवायचे असतील तर सुकन्या समृद्धी खातं आहे, पीपीएफ आहे. विमा बापाचा आणि कमावत्या आईचा काढा.

दुसरी बाजूही ऐकू

विमा आणि बचत एकत्र का आले, याला इतिहास आहे. जानेवारी १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. त्या काळात खेड्यात बँक नव्हती. घरापर्यंत येणारा एजंट हीच लोकांची बँक होती. त्या पिढीला या पॉलिसींनी बचतीची सवय लावली, हे मान्य करायलाच हवं. अनेक एजंट आजही क्लेमच्या वेळी विधवेबरोबर कचेरीत जाऊन बसतात. तो माणुसकीचा भाग आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे.

"सक्ती असल्याशिवाय लोक बचत करत नाहीत," हा एजंटांचा मुद्दाही पूर्ण खोटा नाही. पण आज सक्तीसाठी पॉलिसी लागत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप कापली जाणारी आवर्ती ठेव किंवा एसआयपी तेच काम करते आणि अडचणीच्या महिन्यात थांबवताही येते.

१९५६ चं औषध अजून का लिहिलं जातं, याचं एक कारण कमिशन आहे. पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून कमिशन दीर्घकाळ ३५ टक्क्यांपर्यंत असायचं. टर्म विम्याचा हप्ताच लहान, त्यामुळे त्यातून मिळणारी रक्कमही किरकोळ. एखाद्या डॉक्टरला महागड्या गोळीवर वाटा मिळतो असं कळलं, तर तुम्ही त्याच्या चिठ्ठीकडे संशयाने बघाल आणि ते बरोबरच आहे. मग बँकेतला साहेब एफडी करायला गेल्यावर "सर, यापेक्षा चांगली स्कीम आहे" म्हणत पॉलिसीचा फॉर्म पुढे करतो, तेव्हा तोच संशय का येत नाही? विशेषतः सत्तरीतल्या आजोबांना दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी विकली जाते, तेव्हा त्याला सल्ला म्हणायचं कसं?

अशी पॉलिसी नुकतीच गळ्यात पडली असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती लेखी कळवून परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. हा तुमचा हक्क आहे.

आरोग्य विमा: क्लेम कुठे अडतो?

पहिली गोष्ट, तो निरोगी असताना घ्या. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर पाणी लागायला तीन वर्षं लागतात. हे मी शब्दशः म्हणतो आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते (२०२४ पर्यंत ही मुदत ४८ महिने होती). शिवाय अपघात सोडला, तर पहिले ३० दिवस साधारणपणे कुठलाच क्लेम मिळत नाही.

दुसरी गोष्ट, आजार लपवू नका. "डॉक्टर, केसपेपरवर शुगर सहा वर्षांची लिहू नका, आत्ताच निघाली असं लिहा," ही विनंती मला दर महिन्याला कुणीतरी करतं. मी तसं लिहीत नाही. ते खोटं आहे हे एक कारण. दुसरं असं की, त्याचा उपयोगही होत नाही. रात्री दोन वाजता घाबरलेली बायको कॅज्युअल्टीत खरं तेच सांगते: "सहा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत." ते नोंदलं जातं. लॅबचे जुने रिपोर्ट, दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, नोकरीतली वैद्यकीय तपासणी, कंपनी हे सगळं मागवते. सांगितलेल्या मधुमेहाला तीन वर्षांनंतर संरक्षण मिळतं. लपवलेल्या मधुमेहामुळे मात्र हृदयविकाराचा क्लेमही नाकारला जाऊ शकतो.

अनेकदा लपवणारा रुग्ण नसतोच. एजंट मोबाइलवर फॉर्म भरतो आणि आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' टाकत जातो. सही तुमची असते. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, माहिती दिली नव्हती या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच पॉलिसीत खंड पडू देऊ नका. कंपनी बदलायची असेल तर जुनी बंद करून नवी घेऊ नका, ती 'पोर्ट' करा, म्हणजे मागची वर्षं वाया जात नाहीत.

तिसरी गोष्ट, खोलीच्या भाड्याची मर्यादा. इथे सुशिक्षित लोकही फसतात. समजा, ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं रोज ५,००० पर्यंत आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचे जादा १५,००० आपण भरू, असं तुम्हाला वाटतं. पण सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापू शकते. हे शुल्क १,६०,००० असेल तर कंपनी पाच-अष्टमांश, म्हणजे १,००,००० देईल. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ८०,००० पूर्ण मिळतील. खोलीचे २५,००० मिळतील. बिल २,८०,००० आणि मंजूर २,०५,०००. खिशातून १५,००० नव्हे, ७५,००० गेले. शक्यतो अशी मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, नाहीतर ॲडमिट होतानाच बसणारी खोली मागा. एसी स्वतंत्र खोलीत जखम लवकर भरते असं वैद्यकशास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

चौथी गोष्ट, कंपनीने दिलेल्या विम्यावर अवलंबून राहू नका. नोकरी सुटली की तो सुटतो, आणि आजारपणामुळेच नोकरी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. स्वतःची छोटी का होईना, पॉलिसी असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढी सवलत तरी घ्या.

ज्यांना हप्ता परवडतच नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती लागू झाली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली. ठरावीक उपचार आणि ठरावीक हॉस्पिटलं एवढी अट आहे. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते आधी शोधा, काउंटरवर पैसे नंतर भरा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड मिळतं. बँकेतून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो. घरकाम करणाऱ्या मावशींचे आणि ड्रायव्हरचे हे फॉर्म तुम्हीच भरून द्या.

क्लेम अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही.

उरलेला पैसा: भूक लागली म्हणून विष खाऊ नका

साडेपाच टक्क्यांना नावं ठेवली म्हणून कुणी पन्नास टक्क्यांच्या मागे लागू नये. आपल्या शहराला याचा अनुभव आहे. २०१४ मध्ये नाशिकमधून चाललेल्या केबीसी मल्टिट्रेडचा घोटाळा उघड झाला. साखळी पद्धतीने माणसं जोडत पैसे गोळा केले होते. मुख्य आरोपी भाऊसाहेब चव्हाण सिंगापूरला निघून गेला होता, २०१६ मध्ये परतल्यावर त्याला अटक झाली. त्याच वर्षी मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकमध्ये गुन्हा दाखल झाला. या लोकांनी पैसे कुणाच्या हातून गोळा केले? शेजाऱ्याच्या, मेव्हण्याच्या, शिक्षकाच्या. फसणाऱ्यांना मूर्ख म्हणू नका. त्यांनी ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवला होता.

तपासणी सोपी आहे. "तीन वर्षांत तिप्पट" म्हणजे वर्षाला सुमारे ४४ टक्के. असा परतावा हमीने देणारा प्रामाणिक धंदा जगात नाही. हमी आणि मोठा परतावा एका वाक्यात आले की उठून निघा.

पतसंस्थांबद्दलही सांगायला हवं. बँक बुडाली तर डीआयसीजीसीच्या विम्यातून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत पैसे मिळतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढली आणि ती सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला मात्र हे संरक्षण नाही, मग ती मल्टिस्टेट का असेना. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेचे ठेवीदार वर्षानुवर्षं फेऱ्या मारत राहिले. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी एका पतसंस्थेत ठेवणं म्हणजे हेल्मेट न घालता मुंबई-आग्रा रोडवर गाडी चालवणं. रोज काही होत नाही, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

शेअर बाजार दीर्घ मुदतीसाठी चांगला असू शकतो. नवख्याने निफ्टीसारख्या निर्देशांकाचा साधा फंड घ्यावा आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकत राहावी. पण दुष्परिणाम आधी ऐका. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरपर्यंत ९,००० च्या खाली आला होता. २३ मार्च २०२० ला तो एका दिवसात १३ टक्के पडला. सात-आठ वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे ठेवू नका. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सला गुंतवणूक म्हणूच नका. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. छातीत धडधड, झोप नाही, वजन कमी होतंय म्हणून तिशीतली मुलं माझ्याकडे येतात. थायरॉईड नॉर्मल निघतो, ईसीजी नॉर्मल निघतो. हल्ली मी त्यांना मोबाइलवर कुठलं ॲप आहे तेही विचारतो.

प्रिस्क्रिप्शन

क्रम महत्त्वाचा आहे. वरचं पूर्ण झाल्याशिवाय खालचं सुरू करू नका.

१. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत ठेवा. ओपीडीची फी, औषधं, बुडालेला पगार विमा देत नाही.
२. पूर्ण कुटुंबाचा आरोग्य विमा घ्या. आजार सांगून, फॉर्म वाचून.
३. कमावत्या माणसाचा टर्म विमा घ्या, वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. तंबाखू खात असाल तर तेही लिहा. त्याआधी तंबाखू सोडा, हप्ताही कमी होईल.
४. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज फेडा.
५. मग पीपीएफ, सुकन्या, निर्देशांक फंड.
६. सगळीकडे वारस नोंदवा. कागद कुठे आहेत हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

जुनी एन्डोमेंट चालू असेल तर हा लेख वाचून उद्याच बंद करू नका. मुदत संपत आली असेल तर बहुतेक वेळा पूर्ण करणंच बरं. आधी टर्म आणि आरोग्य विमा हातात येऊ द्या, मग कंपनीकडून आज सोडल्यास किती मिळतील ते लेखी घ्या आणि सेबीकडे नोंदणी असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराला दाखवा. कुठलंही औषध अचानक बंद करायचं नसतं.

पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये याल तेव्हा रिपोर्टच्या फाइलबरोबर पॉलिसीचीही फाइल आणा. पॉलिसी कुठली घ्यायची हे मी सांगणार नाही, पण तिच्यात हॉस्पिटलचं बिल बसतं की नाही, एवढं आपण दोघं मिळून नक्की वाचू.